मोडीचा भाव आणि मूळ पावती

चोरी झालेल्या घरात पहिला हिशेब होतो तो आजच्या भावाने. ‘बारा तोळे गेले’ म्हटलं की भेटायला आलेला प्रत्येक माणूस मनातल्या मनात गुणाकार करून मोकळा होतो. अमेरिकेच्या आयकर खात्याचा, म्हणजे आयआरएसचा, चोरीचं नुकसान करपात्र उत्पन्नातून वजा मागायचा फॉर्म ४६८४ हा गुणाकार करत नाही. वस्तू कोणती, कधी घेतली आणि केवढ्याला घेतली, एवढंच तो आधी विचारतो. बाजारभावाचा रकाना खाली कुठेतरी येतो, आणि तोही अशासाठी की मूळ किंमत आणि बाजारभाव यांतला जो आकडा लहान असेल तो धरता यावा.

न्यू जर्सीतल्या एडिसनच्या किंवा कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या घरातून आईच्या पाटल्या गेल्या असं समजा. त्या आईने स्वतः हयातीत दिल्या असतील, तर ती भेट. भेटीच्या वस्तूबरोबर देणाऱ्याची खरेदी किंमतही पुढे चालत येते. आईने १९७८ साली पाटल्या आणि गोफ मिळून ₹९,००० मोजले असतील, तर करापुरती त्यांची किंमत तेवढीच. सोनं तेव्हा दहा ग्रॅमला हजार रुपयांच्याही खाली होतं आणि डॉलर आठ रुपयांच्या आसपास, म्हणजे साधारण १,१०० डॉलर. तेच दागिने आई गेल्यावर वारसाने आले असतील, तर तिच्या निधनाच्या दिवशीचा बाजारभाव ही मूळ किंमत होते. पाटल्या त्याच आणि हातही तेच, पण त्या कोणत्या वाटेने हातात आल्या यावर आकडा दहापट हलतो. आपल्याकडे दागिना ‘दिला’ की ‘राहिला’ याचा कागद कुणी करत नाही. करावा, असं वाटायला लावणारी ही जागा आहे.

एवढं सगळं शोधून काढल्यावर कळतं की घरफोडीची वजावट मुळात मिळतच नाही. २०१७ च्या अखेरीस झालेल्या करकायद्याने २०१८ पासून घरगुती वस्तूंच्या चोरीची वजावट बंद केली. राष्ट्राध्यक्षांनी जाहीर केलेल्या आपत्तीशी नुकसानाचा संबंध असेल तरच ती उरली. ही बंदी २०२५ अखेर संपेल अशी आशा होती. ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या कायद्याने ती कायमची केली; २०२६ पासून राज्यांनी जाहीर केलेल्या काही आपत्तींची भर घातली, इतकंच. दिवाळीत घर बंद करून मित्राकडे फराळाला गेलात आणि मागचं दार फुटलं, तर ती कोणत्याच यादीतली आपत्ती नाही.

गेलेल्या सवलतीबद्दल हळहळणाऱ्यांनी जुनं गणितही एकदा करून पाहावं. मूळ किमतीतून विम्याचे पैसे वजा, मग प्रत्येक घटनेमागे १०० डॉलर वजा, मग वर्षाच्या समायोजित, म्हणजे ठरावीक कपाती गेल्यावरच्या, उत्पन्नाचे दहा टक्के वजा. घरात १,२०,००० डॉलर उत्पन्न, ९,००० डॉलरचे दागिने गेले, साध्या घरविम्याने दागिन्यांसाठीच्या १,५०० च्या मर्यादेत तेवढे दिले. उरले ७,५००, त्यातले १०० गेले, आणि पुढे दहा टक्क्यांची, म्हणजे १२,००० ची भिंत. हाती शून्य. मध्यमवर्गीय घराला ही सवलत दारावरच्या तोरणासारखी होती, शोभेची.

पण घरफोडीतला कराचा खरा धोका वजावट न मिळण्यात नाही. तो विमा नीट काढलेल्या घरात असतो. दागिन्यांची यादी आणि मूल्यांकन देऊन वेगळा विमा घेतला होता, कंपनीने कटकट न करता १३,१०० डॉलर दिले. घरची मंडळी देवाला साखर ठेवतात. करकायदा म्हणतो, भेट मिळालेली १,१०० ची वस्तू गेली आणि १३,१०० आले, म्हणजे १२,००० चा नफा झाला. सोनं त्यांच्या भाषेत ‘संग्राह्य’ वस्तूंत मोडतं, त्यामुळे दीर्घकालीन नफ्यावर दर २८ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो: ३,३६० डॉलर. आईच्या पाटल्या गेल्या त्या गेल्या, वर कर.

यातून सुटायची वाट आहे, पण ती मुदतीची आहे. ज्या वर्षात हा नफा पहिल्यांदा हाती आला ते वर्ष संपल्यापासून दोन वर्षांत तशाच वापराची वस्तू घ्यायची, आणि भरपाईची पूर्ण रक्कम त्यात घालायची. भरपाई २०२५ मध्ये मिळाली तर ३१ डिसेंबर २०२७ पर्यंत. दागिन्यांच्या जागी दागिनेच. त्या पैशांत स्वयंपाकघराचं नूतनीकरण केलं तर नफा करपात्र. रिटर्नला एक निवेदन जोडायचं: काय गेलं, किती मिळाले, नफा किती, बदली वस्तू घेतली किंवा घेणार आहोत. हे निवेदन लोक हमखास विसरतात, कारण ‘विम्याचे पैसे कुठे उत्पन्न असतात?’ असं सगळ्यांना मनापासून वाटतं. याच एका ठिकाणी बंद झालेली वजावटही थोडी जिवंत होते. त्याच वर्षात विम्यात न बसलेला कॅमेरा, लॅपटॉप असं काही चोरीला गेलं असेल, तर ते नुकसान या नफ्यातून वळतं करता येतं.

आता दुसरी चोरी, जिच्यात कुलूप फुटत नाही.

फोनवर अनोळखी नंबरावरून चुकून आल्यासारखा संदेश, मग गप्पा, मग ‘मी ज्या प्लॅटफॉर्मवर ट्रेडिंग करते ना’, मग पाच हजार डॉलर, मग पन्नास. इंग्रजीत याला डुक्कर पोसून कापणं म्हणतात. आपल्याकडे त्या जागी बकरा आहे. यात गेलेल्या पैशांबद्दल करसल्लागारसुद्धा कितीतरी दिवस ‘२०१८ पासून चोरीची वजावट बंद’ एवढंच सांगत राहिले. ते अर्धंच खरं होतं. कायद्याचं कलम १६५ नुकसानाच्या तीन पेट्या करतं: धंद्यातलं, नफ्याच्या हेतूने केलेल्या व्यवहारातलं आणि उरलेलं घरगुती. बंदी फक्त तिसऱ्या पेटीवर आहे. दुसऱ्या पेटीतल्या चोरीला ना १०० डॉलरची कात्री, ना दहा टक्क्यांची भिंत.

आयआरएसच्या मुख्य विधी सल्लागारांच्या कार्यालयाने मार्च २०२५ मध्ये २०२५११०१५ क्रमांकाचं एक टिपण प्रसिद्ध केलं. त्यात पाच फसवलेली माणसं आहेत. एकाला बँकेचा फसवणूक-प्रतिबंधक अधिकारी असल्याची बतावणी करून पैसे ‘सुरक्षित’ खात्यात हलवायला लावलं. दुसऱ्याचे खोट्या क्रिप्टो संकेतस्थळावर गेले. तिसऱ्याने फसव्या ईमेलमधल्या दुव्यावर पासवर्ड दिला आणि गुंतवणुकीचं खातं धुतलं गेलं. चौथा प्रेमात पडला आणि तिच्या आजारी नातेवाइकाच्या औषधपाण्यासाठी पैसे पाठवत राहिला. पाचव्याला नातवाचा, म्हणजे नातवाचा म्हणून बनवलेला, आवाज ऐकवून खंडणी घेतली. पाचही जणांचं जे झालं ती चोरीच, हे टिपण मान्य करतं. वजावट पहिल्या तिघांना, चौथ्या-पाचव्याला नाही. पहिल्या तिघांचे पैसे गुंतवणुकीचे होते आणि गुंतवणूक म्हणूनच राहावेत, वाढावेत म्हणून हलले. चौथ्याने माया म्हणून दिले, पाचव्याने भीतीने.

थोडं थांबून पाहावं असं हे आहे. नातवाचा जीव वाचवायला निघालेल्या आजोबांना कायदा हात हलवत परत पाठवतो आणि महिन्याला वीस टक्के मिळतील म्हणून गेलेल्याला वजावट देतो. यात निर्दयपणा आहे, पण तर्काची चूक नाही. उत्पन्नावर कर घेणाऱ्याने उत्पन्न मिळवताना झालेलं नुकसान पाहायचं, घरखर्च पाहायचा नाही. आणि प्रेम, भीती, नातवंडं हे सगळं त्याच्या लेखी घरखर्चात मोडतं.

याला एक महाराष्ट्रातलं टोकही आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. तिथली मुलं अमेरिकी नावं घेऊन ‘आयआरएसमधून बोलतोय, कर थकलाय, अटक होईल’ असं सांगून तिकडच्या लोकांकडून गिफ्ट कार्डांचे नंबर काढून घेत होती. टिपणातल्या पाचव्या माणसाचा तर्क इथे लावला तर असे पैसे नफ्यासाठी दिलेले नव्हेत, भीतीने दिलेले. म्हणजे खोट्या आयआरएसला भरलेला कर खऱ्या आयआरएसकडून वळता होत नाही.

वजावट मागायची ठरली तर काम सुरू होतं ते बँकेच्या उताऱ्यांपासून. प्रत्येक हप्त्याची तारीख, रक्कम, कोणत्या खात्यातून कुठे. क्रिप्टो असेल तर व्यवहाराची ओळख पटवणारा हॅश क्रमांक आणि एक्स्चेंजचा उतारा. इथे हमखास होणारी चूक म्हणजे स्क्रीनवर दिसणारी शिल्लक धरणं. पाच हप्त्यांत १,८०,००० डॉलर घातले, विश्वास बसावा म्हणून भामट्याने मध्येच ६,००० काढू दिले, आणि शेवटच्या दिवशी खात्यावर ७,४०,००० दिसत होते. वजावट १,७४,००० ची. वरचा सगळा नफा कधी अस्तित्वातच नव्हता आणि त्यावर कर भरलेला नव्हता. तो कागदी नफा आधीच्या वर्षांत उत्पन्न म्हणून दाखवून कर भरला असेल, तरच तो मूळ किमतीत मिळवता येतो. २००८ च्या डिसेंबरात उघडकीला आलेल्या, बर्नार्ड मॅडॉफच्या बनावट गुंतवणुकीच्या प्रकरणातल्या गुंतवणूकदारांचं असंच होतं. दरवर्षी न मिळालेल्या नफ्यावर त्यांनी कर भरला होता.

त्याच प्रकरणानंतर २००९ मध्ये आयआरएसने एक सोपी वाटही काढून दिली. सूत्रधारावर गुन्हा दाखल झाला असेल, तर अपात्र ठरण्याची धास्ती न बाळगता पात्र गुंतवणुकीच्या ९५ टक्के वजावट घ्या. तिसऱ्या कुणाकडून वसुलीसाठी दावा लावला असेल किंवा लावणार असाल तर ७५ टक्के. मिळालेली आणि विम्यासारख्या ठिकाणाहून मिळू शकणारी भरपाई त्यातून वजा. फॉर्म ४६८४ चा विभाग ‘क’ त्यासाठीच आहे. पण व्हॉट्सअ‍ॅपवरच्या बिनचेहऱ्याच्या ‘मैत्रिणी’वर आरोपपत्र ठेवणार कोण? तिथे विभाग ‘क’ सहसा लागू पडत नाही, धंद्याच्या आणि उत्पन्नाच्या मालमत्तेसाठीचा विभाग ‘ब’ भरावा लागतो. एकोणिसाव्या ओळीत वस्तूचं वर्णन, विसाव्यात मूळ किंमत, एकविसाव्यात मिळालेली किंवा मिळणारी भरपाई. पुढे चोरीच्या आधीचा आणि नंतरचा बाजारभाव, मग सव्विसाव्या ओळीत लहान आकडा. चोरीत वस्तू पूर्णच गेलेली असल्याने तिथे विसाव्या ओळीतली मूळ किंमत येते. त्यातून भरपाई गेली की सत्ताविसावी ओळ हे नुकसान. शेवटचा आकडा शेड्यूल ‘ए’च्या, म्हणजे एकेक वजावट मांडायच्या तक्त्याच्या, सोळाव्या ओळीवर, ‘इतर’मध्ये. पंधराव्या ओळीवर नाही, ती आपत्तीवाल्यांची. चुकून तिथे टाकला तर हा घरगुती चोरीचाच दावा आहे असं वाटायला वाव मिळतो.

शेड्यूल ‘ए’वर जाणं म्हणजे सरसकट मिळणारी प्रमाणित वजावट सोडणं. २०२५ साठी जोडप्याची ती ३१,५०० डॉलर होती. १,७४,००० पुढे हा आकडा किरकोळ, पण नुकसान चाळीस हजारांचं असेल तर खरा फायदा जेमतेम आठ-साडेआठ हजारांवरच्या कराचा, बाकी खर्च काही नसतील तर. उलट नुकसान वर्षाच्या उत्पन्नापेक्षा मोठं असेल तर उरलेलं पुढच्या वर्षांत नेता येतं, दरवर्षी करपात्र उत्पन्नाच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत. मागच्या वर्षांत नेता येत नाही. राज्याचा कर वेगळा पाहायचा. न्यू जर्सीच्या रिटर्नमध्ये शेड्यूल ‘ए’सारखी सोयच नाही, त्यामुळे तिथे यातलं काही उतरत नाही.

आता ज्या जागी माणसं दुसऱ्यांदा लुटली जातात ती जागा. भामट्याला द्यायला पैसे कुठून आले? निवृत्तीच्या खात्यातून काढले असतील तर ती सगळी उचल त्या वर्षाचं उत्पन्न, आणि वय साडेएकोणसाठच्या आत असेल तर वर दहा टक्के दंड. कंपनीचे शेअर विकून दिले असतील तर त्या विक्रीचा नफा करपात्र. चोरीची वजावट हे उत्पन्न पुसून टाकत नाही, ती आपल्या वेगळ्या ओळीवर उभी राहते, आणि कधीकधी वेगळ्या वर्षात. डिसेंबर २०२४ मध्ये खात्यातून दोन लाख काढले, फसवणूक कळली मार्च २०२५ मध्ये: उत्पन्न २०२४ चं, वजावट २०२५ ची. हातात पैसा नसताना एप्रिलमध्ये २०२४ चा कर भरायची वेळ येते. अशा वेळी रिटर्न वेळेवर भरून हप्त्याने फेडण्याची मुभा मागावी. रिटर्नच न भरणं हा सगळ्यांत महागडा उपाय.

कारण वर्ष ठरतं ते चोरी कळल्याच्या तारखेवरून, झाल्याच्या नव्हे. आणि कळलं तरी एक फाटा आहे. पैसे परत मिळण्याची वाजवी शक्यता शिल्लक असेल, बँकेकडे तक्रार चालू असेल, कोर्टात दावा असेल, तर त्या भागाची वजावट शक्यता मिटेपर्यंत थांबते. म्हणून बँकेचं ‘आम्ही भरपाई देऊ शकत नाही’ हे पत्र फाडून टाकायचं नसतं. दाव्याच्या फाइलीतला तो सगळ्यांत कामाचा कागद आहे. एफबीआयच्या आयसी३ या संकेतस्थळावरची तक्रार, गावातल्या पोलिसांचा अहवाल क्रमांक आणि संपूर्ण संभाषणाचे स्क्रीनशॉट त्याच्याच शेजारी ठेवायचे. संभाषणातली लाजिरवाणी वाक्यं पुसायचा मोह आवरावा. ‘यात तीन महिन्यांत दुप्पट होतील ना?’ हे विचारलेलं वाक्यच नफ्याच्या हेतूचा पुरावा असतं. आरोपी सापडलाच पाहिजे, शिक्षा झालीच पाहिजे अशी अट नाही. जिथे घडलं तिथल्या कायद्याने ती चोरी ठरली पाहिजे.

आधीच्या वर्षांत ‘बंद आहे’ ऐकून सोडून दिलं असेल तर फॉर्म १०४०-एक्स भरून रिटर्नची दुरुस्ती करता येते, साधारणपणे मूळ रिटर्न भरल्यापासून तीन वर्षांच्या आत.

काय चोरी नव्हे तेही सांगायला हवं. विमानतळावर विसरलेली बॅग चोरी नव्हे. बाजारातून घेतलेला शेअर कंपनीच्या घोटाळ्यामुळे कोसळला तरी ती चोरी नव्हे, भांडवली तोटा. मेहुण्याला उसने दिलेले पैसे बुडाले तर तेही बुडीत कर्ज; त्याचा तोटा भांडवली नफ्यातून वळता होतो आणि उरलेला वर्षाला ३,००० डॉलरच्या गतीने. फसवायचा हेतू सुरुवातीपासून होता हे दाखवता आलं तर गोष्ट वेगळी, पण मेहुण्याबाबतीत ते दाखवायची कुणाची तयारी नसते.

पुण्यातल्या पगारदार माणसाला हे सगळं परग्रहावरचं वाटेल. भारतीय रिटर्नमध्ये घरच्या चोरीसाठी रकाना नाही आणि कधी येईल अशी चिन्हंही नाहीत. ‘डिजिटल अरेस्ट’च्या धाकाने वडिलांची मुदत ठेव गेली तरी त्या ठेवीवरच्या व्याजाचा कर मात्र भरायचाच. धंद्याचं तसं नाही. मुखत्यारपत्र असलेल्या मुंबईच्या एजंटाने मालकाचे पैसे उचलून स्वतःची देणी फेडली, त्या बद्रीदास डागा खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९५८ मध्ये सांगितलं की धंदा चालवण्यातच जो धोका आहे त्यातून झालेली अफरातफर हा धंद्याचाच तोटा. नैनिताल बँकेच्या रामनगर शाखेवर १९५१ मध्ये पडलेल्या दरोड्यालाही कोर्टाने तोच न्याय लावला, कारण बँकेची तिजोरीतली रोकड म्हणजे वाण्याच्या दुकानातला माल. नोव्हेंबर १९६५ च्या परिपत्रकाने नोकरांची अफरातफर ज्या वर्षी उघडकीला आली त्या वर्षी वजा करण्याची मुभा दिली. दुकानदाराच्या गल्ल्यातली रोकड गेली तर तोटा. तेच पैसे घरी नेऊन बायकोच्या कपाटात ठेवल्यावर गेले तर नशीब.

दोन्ही देशांत पाय असलेल्यांसाठी शेवटचं एक प्रकरण उरतं. अमेरिकेत रिटर्न भरणाऱ्याचा कोथरूडमध्ये फ्लॅट आहे, भाड्याने दिलेला. दोन भाडेकरूंच्या मधल्या महिन्यात कुणीतरी दोन्ही एसी काढून नेले. ही घरगुती चोरी नव्हे, उत्पन्न देणाऱ्या मालमत्तेतली चोरी, म्हणून विभाग ‘ब’. पण आकडा घसारा वजा करून. परदेशातल्या भाड्याच्या घरातल्या अशा उपकरणांना नऊ वर्षांचा सरळ घसारा लागतो, पहिल्या आणि शेवटच्या वर्षी अर्धा. २०२१ मध्ये ₹९०,००० ना घेतलेले एसी २०२४ मध्ये गेले, तर पाच, दहा, दहा आणि पाच असा तीस हजारांचा घसारा जाऊन साठ उरतात. त्यांचे डॉलर खरेदीच्या वेळच्या दराने. घसारा कधी मागितलाच नव्हता, हे कारण चालत नाही. मागता येत होता म्हणजे गेला असंच धरतात.

आणि एफआयआर हवाच. १ जुलै २०२४ पासूनची चोरी असेल तर त्यावर भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३ असेल. एसी राहत्या घरातून नेले असतील तर ३०५ सुद्धा. प्रत मराठीत मिळते, तिचं इंग्रजी भाषांतर करून जोडून ठेवावं. नंतर महिनोन्‌महिने काही होत नाही. मग एक दिवस चौकीतून फोन येतो की तपास लागला नाही, ‘अ’ समरी कोर्टात पाठवली. गुन्हा खरा, आरोपी अज्ञात, असा तिचा अर्थ. बहुतेक जण चरफडत फोन ठेवतात. त्या समरीची प्रत मागून घ्यायची असते: माल परत मिळण्याची आशा कधी संपली हे तारखेनिशी सांगणारा दुसरा कागद या प्रकरणात मिळत नाही.